कूलर बंद करून

माझा कॉम्प्युटर आता सगळ्यात ढिल्या सेटिंगवर चालतो, कारखान्यातून निघाला तसा. मोठी फाईल उघडायला घेतली की पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि मी हात मांडीवर ठेवून समोर बसून राहतो. दोन वर्षांपूर्वी ते चक्र पाहून माझं डोकं फिरलं असतं. आता फिरत नाही. मी शांत झालो असं कोणी समजू नये. थकलो, एवढंच.

मी राहतो अमरावतीला आणि नोकरी अकोल्याला. तेवीस वर्षं अप-डाऊन करतोय. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, मूर्तिजापूरपर्यंत उभं राहायचं, तिथे कोणी उतरलं तर बूड टेकायचं, आणि संध्याकाळी हेच उलट. मधले तास सरकारी कचेरीत. आमच्याकडे एखादी फाईल हलायला तीन महिने लागतात, पण एकदा हलली की एका दिवसात चार टेबलं पार करते. बाहेरच्या माणसाला वाटतं, काय झटपट काम झालं. ते तीन महिने मात्र मला माहीत असतात, कारण त्या काळात त्या फाईलवर माझाच चष्मा ठेवलेला असतो.

अशा माणसाला छंद लागला तो कॉम्प्युटरची रॅम पळवायचा. रॅम म्हणजे काम करताना लागणारी माहिती कॉम्प्युटर जिथे हाताशी ठेवतो ती जागा. तिचे दोन गुण बघायचे असतात. एक वेग, म्हणजे एकदा द्यायला लागली की किती भराभर देते. दुसरा थांबा, म्हणजे मागितल्यापासून पहिला दाणा हातात पडेपर्यंत किती ठोके जातात. दुकानदार फक्त वेगाचा आकडा सांगतो, थांब्याचं कोणी विचारत नाही. माझी रॅम बत्तीसशेच्या वेगाला सोळा ठोके थांबायची. छत्तीसशेवर नेली की अठरा मागायची. गणित मांडून पाहिलं तर घड्याळातला खरा थांबा दोन्हीकडे तेवढाच निघतो. वेग घ्यायचा तर थांबा ढिला सोडायचा, थांबा आवळायचा तर वेग उतरवायचा, असा तो सौदा असतो.

मला दोन्ही हवं होतं. वेग छत्तीसशेचा आणि थांबा चौदाचा.

त्यासाठी रॅमला नेहमीपेक्षा थोडी जास्त वीज पाजावी लागते. ती पाजली की रॅम ऐकते, पण तापते. एका वर्षी सगळा हिवाळा मी रविवारच्या दुपारी ह्यातच घालवला. एक आकडा एकाने कमी करायचा, कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचा, तपासणीचा प्रोग्रॅम लावायचा आणि तो रॅमच्या कानाकोपऱ्यात लिहून-वाचून पाहतो तोवर समोर बसायचं. एखाद्या वेळी कॉम्प्युटर चालूच व्हायचा नाही. मग डबा उघडून आतला गोल सेल काढायचा, दहा मिनिटांनी परत बसवायचा, की बिचारा सगळं विसरून नव्याने सुरू व्हायचा. बायको कपडे वाळत घालताना खिडकीतून विचारायची, "आज कायचं आपरेशन हाये?" जानेवारीच्या शेवटी एकदाचा चौदावर आला आणि चार तासांच्या तपासणीत एकही चूक निघाली नाही. मी वहीत तारीख घातली आणि खाली दोनदा रेघ ओढली. त्या वेगाचा मला उपयोग काय होता, असं विचाराल तर काहीच नाही. मी घरी कचेरीची पत्रं टाइप करायचो आणि मुलीचे फोटो लावायचो. पण ज्याच्या आयुष्यात सगळीकडे थांबा भरलेला असतो, त्याला कुठेतरी दोन ठोके कमी झालेले पाहिजे असतात.

भाऊ त्या दिवसांत एकदा वरूडहून आला होता. भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वरूडच्या संत्र्याच्या बाजारात तो तीसेक वर्षं हर्रास बोलायचा. शेतकऱ्याच्या ढिगाजवळ उभं राहून व्यापाऱ्यांची बोली चढवत न्यायची, आणि भाव थांबला की एक वार, दोन वार, तीन वार म्हणून क्रेटवर काठी हाणायची, हे त्याचं काम. तीन वार झालं की त्या मालाबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही, ही बाजाराची रीत. त्याचा आवाज असा, की बाजारात बोलला तर रस्त्यावरचा ट्रॅक्टरवाला मान वळवून पाहायचा. वहिनी गेल्यापासून तो एकटाच होता आणि त्या आवाजाच्या सोबतीनेच राहायचा म्हटलं तरी चालेल.

मी काय करतोय हे त्याने विचारलं. मी वेग आणि थांबा समजावून सांगायला लागलो तर त्याने मला मध्येच अडवलं.

"मले नोको सांगू. मी तेच करून राहिलो इतके वर्षं. बोली जोरात पळव्या लागते, नाईतं व्यापारी थंडा पडते. पन तीन वारच्या पयले दम घ्या लागते. मांगचा मानूस हात वर करेपर्यंत थांब्या लागते. नाई थांबला तं त्याची बोली राह्यते, अन मंग भांडन होते. तू तो दमच काहाडून टाकून राहिला."

"चुका नाई येत ना पण, भाऊ. चार घंटे तपासलं."

"थंडीत कोनाले चुका येते बे," तो म्हणाला आणि चहा मागितला. मी हसलो. शहाणपण सांगणारा माणूस लुंगीवर बसून बशीतून चहा ओढत असला की ते शहाणपण वाटत नाही.

मार्चच्या सुरुवातीला त्याचा आवाज बसला. आधी सगळे म्हणाले सर्दी, मग म्हणाले जास्त ओरडला, मग अमरावतीच्या डॉक्टरने घशात नळी घालून पाहिलं आणि मला एकट्याला आत बोलावलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन व्हायचं ते झालं होतं. गाठ आवाजाच्या पेटीवरच होती. जीव वाचवायचा तर पेटी काढावी लागेल, त्यानंतर तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेईल, आणि बोलणं कायमचं बंद, असं डॉक्टर म्हणाला. ते बाहेर येऊन भाऊला मी सांगायचं होतं. मी बाकावर त्याच्या शेजारी बसलो आणि पाच मिनिटं गाड्यांच्या वेळांबद्दल बोलत राहिलो. शेवटी त्यानेच विचारलं, "आवाज जाते ना?" मी मान हलवली. तो म्हणाला, "मंग जयंती झाल्यावर काप म्हना."

चौदा एप्रिलला वस्तीतल्या मिरवणुकीत माईक त्याच्याच हातात असायचा. डॉक्टर चिडला, भाऊ हलला नाही. शेवटी जयंतीनंतरची तारीख पडली.

आवाज साठवून ठेवायची गोष्ट पुण्याला असलेल्या माझ्या मुलीने काढली. माणसाचं बोलणं भरपूर रेकॉर्ड करून दिलं की आता कॉम्प्युटर त्याच आवाजात बोलतो, आणि मोठेबाबा फोनवर टाइप करतील ते त्यांच्याच आवाजात ऐकू येईल, असं तिने सांगितलं. "थोड्या रेकॉर्डिंगवरही बनतो, बाबा, पण तो एकाच सुरात बोलतो. रागावणं, समजावणं, हळू बोलणं, सगळं हवं असेल तर भरपूर वाचून घ्या." भाऊने हे ऐकलं आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. "म्हंजे पुढच्या जयंतीले फोन माईकले लावला तं मीच बोलन?" त्याने विचारलं. मी म्हणालो, तूच बोलशील. असं मी तोंडाने म्हणालो आहे, हे मला विसरता येत नाही.

मी सुट्ट्या टाकल्या आणि भाऊला वरूडहून घरी आणलं. टेबलावर माईक आला. पहिल्या दिवशी सकाळी हवा अजून बरी होती, पंख्याचीही गरज नव्हती. मी म्हणालो, भाऊ, आज नुसता माईक तपासू, काहीही बोल. त्याने आधी माईकला जयभीम केला. मग माझ्याकडे पाहिलं, टेबलावरची पट्टी उचलली आणि माझीच हर्रास बोलायला लागला. आवाज घोगरा झाला होता, पण चाल तीच होती.

"हा पाहा माल! छप्पन वर्षाचा, सरकारी खात्यातला, चष्म्यासगट! वरून डाग नाई, आतून जरासा आंबट! बोला, शंभर! शंभराले काय होते, त्याचा चष्माच दोनशाचा हाये! दोनशे! मांगचे, तुमी काहून चूप?" बायको स्वयंपाकघरातून आली आणि दाराला टेकून हसायला लागली. त्याने तिच्याकडून अडीचशेची बोली घेतली. "अडीचशे एक वार! अडीचशे दोन वार!" पट्टी वर धरून तो थांबला. मी वाट पाहत होतो. त्याने पट्टी हळूच खाली ठेवली. "तीन नाई म्हनत. घरचा माल हाये." चार मिनिटांची ती फाईल झाली. तिला मी "माईक तपासणी" असं नाव दिलं आणि बाजूला टाकली.

दुसऱ्या दिवसापासून खरं वाचन. मुलीने छापील वाक्यांचा गठ्ठा पाठवला होता. भाऊने पहिलंच वाक्य वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"हे कोन बोलते बे असं? 'मला आज बाजारात जायचे आहे.' मी जलमात कधी बोललो नाई असं."

"लिहिलं हाये तसं वाच ना, भाऊ."

"तसं वाचलं तं तो आवाज माहा कसा होईन?"

मग तो कागदावर नजर टाकायचा आणि ते वाक्य त्याच्या तोंडात कसं बसेल तसं बोलायचा. मधूनच कागद सोडून त्याच्या लहानपणाचं काही सांगायचा, आमच्या मायच्या हातच्या भाकरीचं, कापसाच्या जिनिंगमध्ये बाप गेला त्या दिवसाचं. त्या दिवशी मायने आम्हाला हाक कशी मारली ते तिच्या सुरात मारून दाखवायचा. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. बाप गेला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलेलं असायचं आणि छप्पन वर्षांचा माणूस असून डोळे पुसत बसायचो.

आता चूक सांगतो. ऊन चढलं तसा आमचा कूलर लागला. अमरावतीत एप्रिलच्या दुपारी कूलरशिवाय कोणी बसत नाही. आमच्याकडे एकच कूलर, समोरच्या खोलीच्या खिडकीत, आणि त्याच्या तोंडासमोरच कॉम्प्युटरचं टेबल. कूलर लागल्यावर मी एकदा पुन्हा तपासणी लावली होती. दोन तास, एकही चूक नाही. मी खूश होतो. पण रेकॉर्डिंग करताना कूलरचा घरघराट माईकमध्ये यायचा. म्हणून भाऊ बोलायला बसला की मी कूलर बंद करायचो, पंखा बंद करायचो आणि ऑटोचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीचं दार लावून घ्यायचो. दोघंही बनियनवर घाम पुसत बसायचो. तासाभरात भिंतीसुद्धा गरम लागायच्या. तपासणी गार हवेत केली आणि काम भट्टीत केलं. ज्या रॅमला मी तिच्या कुवतीच्या टोकाला नेऊन उभं केलं होतं, ती त्या खोलीत चुका करत होती. रॅमच्या चुका ओरडत नाहीत. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पडद्यावर काही येत नाही. फक्त कुठेतरी एकाच्या जागी शून्य लिहिलं जातं.

आणि मी पडलो कारकून. पसारा मला चालत नाही. भाऊ उठून हातपाय धुवायला गेला की मी त्याच तापलेल्या खोलीत दिवसभराच्या फाईली बांधून त्यांचं एक गाठोडं करायचो, त्याच्यावर तारीख घालायचो, पेनड्राइव्हवर एक नक्कल टाकायचो आणि सुट्या फाईली पुसून टाकायचो. गाठोडं उघडून पाहावं असं एकदाही मनात आलं नाही. कचेरीत मी दुसऱ्यांच्या बेरजा तीनदा तपासतो.

जयंतीला त्याने माईक धरला. आवाज फाटत होता, तरी सोडला नाही. मिरवणूक संपल्यावर वस्तीतल्या पोरींनी त्याला पाणी दिलं आणि तो ओट्यावर बसून राहिला. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं.

घरी आणल्यावर पहिला आठवडा फक्त गळ्याचं भोक, नळी, ओला रुमाल आणि औषधांच्या वेळा. डॉक्टरने हवा दमट ठेवायला सांगितली होती, म्हणून भाऊची खाट समोरच्या खोलीत कूलरपुढे टाकली. तो पाटीवर लिहायचा. मुलीने त्याच्या फोनमध्ये तयार आवाज घालून दिला होता, तो होता कोणा पुणेरी बाईचा. भाऊने टाइप केलं, "मले पानी दे." ती बाई ते असं बोलली, जणू चिमट्यात धरून बाहेर टाकते आहे. भाऊने फोन उशीखाली कोंबला आणि पाटीवर लिहिलं, "माहा कधी येते?"

त्याच दिवशी मी गाठोडी आवाज बनवणाऱ्या साईटवर पाठवायला बसलो. पहिलं पाठवलं, उत्तर आलं की फाईल खराब आहे. दुसरं पाठवलं, तेच. मी पेनड्राइव्हवरची नक्कल उघडली, तीही उघडेना. अकरा गाठोडी होती, एक धड उघडलं नाही. मागे वळून पाहिलं तर भाऊ खाटेवरून माझ्याकडेच बघत होता, भुवया वर करून. मी म्हणालो, "साईटवाल्याइचं काही बिघडलं हाये. कळवतो म्हणले."

हे खोटं मी पंधरा दिवस वापरलं. रोज संध्याकाळी अकोल्याहून आलो, चपला काढल्या, की त्याच्या भुवया वर. रोज मी मान हलवायचो. गाडीत उभ्या उभ्या मी आजचं वाक्य ठरवून यायचो. आजपर्यंत मी पुष्कळ लोकांना "पुढच्या आठवड्यात या" म्हणून परत पाठवलं आहे, पण ते म्हणताना असं ओझं कधी वाटलं नव्हतं.

अकोल्यात कचेरीजवळ एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आहे, पत्र्याच्या टपरीत बसतो. डिस्क काढून त्याच्याकडे नेली. त्याने चार दिवस ठेवून घेतली. पुसलेल्या फाईलींपैकी काही तुकडे त्याला मिळाले, पण त्यांत नुसता कडकडाट होता, आणि मध्येच भाऊचं अर्धं "माय" ऐकू यायचं. त्याने मला विचारलं, "साहेब, रॅमले काही छेडलं होतं काय?" मी म्हणालो, नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, डिस्क कागदात गुंडाळली आणि एवढंच म्हणाला, "तरी घरी जाऊन एकडाव तपासनी लावून पाहा. कूलर बंद करून."

रविवारी दुपारी मी भाऊला आतल्या खोलीत निजवलं. टेबलफॅन लावला, दाराला ओली चादर टांगली. मग समोरच्या खोलीत येऊन कूलर बंद केला, पंखा बंद केला, खिडकी लावली आणि तपासणी सुरू केली. बायको पन्हं घेऊन आली. "हे काय करून राहिले तुमी उन्हाचं?" ती पेला ठेवून गेली. सतराव्या मिनिटाला पडद्यावर पहिली लाल ओळ आली. मग बराच वेळ काही नाही, आणि मला वाटलं चुकून आली असेल. मग एकदम चार आल्या. त्यानंतर मी मोजल्या नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चालत होतं, बरं चालत होतं, आणि ज्या दोन ठोक्यांची जगात कोणाला गरज नव्हती ते वाचवायला मी भाऊचं उरलेलं बोलणं घालवून बसलो होतो. मायची हाकही त्यातच गेली.

चादर बाजूला सारून भाऊ दारात उभा होता. कूलर का बंद झाला ते बघायला आला असावा. लाल ओळींकडे त्याने पाहिलं, मग माझ्याकडे.

मी त्याला सगळं सांगितलं. चौदा ठोके, तापलेली रॅम, गाठोडी, पुसलेल्या फाईली, साईटवाल्यांचं खोटं, काही ठेवलं नाही. सांगताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही, कीबोर्डकडे पाहत होतो. बोलणं संपल्यावर त्याच्या गळ्यातल्या भोकातून श्वास जाताना-येताना ऐकू येत होता. पाटी त्याच्या हातात होती. त्याने पेन्सिल टेकवली, उचलली. पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं तरी ती बाहीने पुसली आणि आत जाऊन पडला. मी उठून कूलर लावला.

त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा, म्हणजे लिहायचा. औषध संपलं, वरूडच्या घराची किल्ली कुठे, वरण खारट. ह्या गोष्टीबद्दल मात्र एक अक्षर नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजारात लोकांना चारचौघांत झोडपणारा माणूस माझ्यासमोर पाटी घेऊन बसायचा आणि खारट वरणाचं लिहायचा. मी मुलीलाही फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "काहीच नाही उरलं?" तेव्हा मला "माईक तपासणी" आठवली. ती मी गाठोड्यात बांधली नव्हती, कारण ती कामाची नव्हती. "चार मिनिटं आहेत," मी म्हणालो, "पण नुसती मस्करी आहे." ती म्हणाली, पाठवा, जमतं का पाहते, पण सूर एकच येईल.

तोवर मी रॅम पुन्हा ढिली केली होती. वहीतलं ते पान फाडलं नाही. असू दे, दिसत राहू दे.

मुलीने आवाज पाठवला तो मेच्या शेवटच्या रविवारी. मी तो भाऊच्या फोनमध्ये घातला, फोन त्याच्या हातात दिला आणि समोर खुर्ची घेऊन बसलो. त्याला सांगितलं, "भाऊ, त्या माईक तपासणीवर बनवला हाये. चांगला नसन निघाला." त्याने चष्मा लावला आणि एका बोटाने टाइप करायला लागला. एक अक्षर, मग शोध, मग दुसरं अक्षर. किती वेळ गेला सांगता येत नाही. बायको चहा ठेवून गेली, त्याने तो मध्ये थांबून पिऊन टाकला, आणि पुन्हा टाइप करायला लागला. मी फोनमध्ये डोकावलो नाही.

मग त्याने फोन टेबलावर उभा केला आणि बटण दाबलं. आवाज त्याचा होता. घोगरा, वरूडच्या बाजारातला, ढिगाजवळ उभा राहून शेवटच्या व्यापाऱ्यापर्यंत पोचवायचा तो. मुलीने सांगितलं होतं तसा त्याला एकच सूर होता. शेजारची बाई ओट्यावर आली इतका मोठा.

"लहान्याची चूक! कोनी घेता काय? कोनी नाई! एक वार! दोन वार! तीन वार!"

पहिल्या दिवशी रेकॉर्डिंगमध्ये त्याने तीन वार म्हटलं नव्हतं. मी फोनकडे बघत बसलो. भाऊने तो पालथा ठेवला आणि रिकामा कप माझ्याकडे सरकवला. मी चहा ठेवायला उठलो.